रिकामा रकाना

"बी.एड. कवा झालास?" बाबांनी नवरदेवाला विचारलं.

नवरदेव स्टेजवर हार घालून उभा. आहेर देणाऱ्यांची रांग. बाबांनी पाकीट दिलं, जयभीम घातला, आणि पुढे सरकायचं सोडून खिशातून डायरी काढली.

"पंच्याण्णवला, काका."

"आन नोकरीला कवा लागलास?"

नवरदेवाने एकदा नवरीकडे पाहिलं. "विनाअनुदानित शाळेवर आहे ना, काका. ग्रँट आली की..."

"म्हंजे पगार नाय अजून." बाबांनी शांतपणे लिहून घेतलं आणि डायरी मिटली. मागे रांग खोळंबलेली. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "नवरीच्या बापाला ठाव होतं का नाय कोण जाणे. आता साऱ्या मांडवाला ठाव झालं."

हे किन्हवलीचं लग्न. सन दोन हजारचा मे महिना. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, नुकतीच शहापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले होते, आणि जमिनीने मला पोटात घ्यावं अशी माझी इच्छा होती. पण ते लग्न पहिलंही नव्हतं आणि शेवटचंही. त्या उन्हाळ्यात बाबांनी मुरबाडच्या एसटी स्टँडवर, बाजारात, साखरपुड्यात, एकदा तर मयताच्या जलदानविधीतही लोकांना हेच दोन प्रश्न विचारले. काय शिकलास ते कवा संपलं? आन नोकरीला कवा लागलास? प्रकरण माझंच होतं. मी पुढे काय शिकावं हे ठरवायचं होतं, आणि माझे बाबा आकडा बघितल्याशिवाय काहीच ठरवत नसत.

बाबांचं नाव महादू. धरणावर चौकीदार. धरण म्हटलं की आमच्या तालुक्यात लोकांना भातसा आठवतं. ते मुंबईला पाणी पाजतं, म्हणून त्याला वसाहत, बगीचा, साहेबांचे बंगले. आमचं धरण आमच्याच आठ गावांना पाणी द्यायचं, म्हणून त्याला फक्त बाबा आणि दुसरे चौकीदार नामाकाका. बाकीची कामं दोघं वाटून घेत, पण पाण्याची पातळी लिहायचं काम बाबांचं. रोज सकाळी आठ वाजता पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या असलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द: चढती, उतरती किंवा स्थिर. मग सही.

शाळेला सुट्टी असली की मी बरोबर जायची. पाण्याशी उकिडवं बसायला बाबांनी मला शिकवलं. डोळा पाण्याच्या रेषेत आला पाहिजे. "वरनं बघितलंस तर आकडा तुझ्या मनासारका दिसतो," ते म्हणायचे. आकडा सांगितला की पुढचा प्रश्न तयारच असायचा. "काल किती होता? मागल्या वर्षी याच तारखेला किती होता? एकल्या आकड्याला काय अर्थ नाय गो." मला सात-आठ वर्षांच्या पोरीला पाढ्यांपेक्षा मागल्या वर्षीची पातळी जास्त पाठ.

एकदा मी जुन्या वहीत एक रिकामी ओळ शोधून काढली. बाबांच्या आधीच्या चौकीदाराच्या वेळची. आदल्या दिवसाचा आकडा होता, नंतरच्या दिवसाचा होता, मी हुशारी करून पेन्सिलीने मधला लिहून टाकला. बाबा रागावणारे नव्हते. त्यांनी खोडरबर घेतलं, तो आकडा पुसला, वरचा भुगा फुंकला.

"बरोबर असंल की तो, बाबा."

"असंल. पन त्या दिवशी कोणी वाचलं नाय ना? मग तो आकडा कोनाकडंच नाय. रिकामं ते रिकामं ठेवायचं."

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एका सरांनी फळ्यावर एका कंपनीचे पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले, एका वर्षाकडे बघू नका, पाचही वर्षांकडे बघा आणि मला सांगा ही कंपनी कुठे चालली आहे. वर्ग जांभया देत होता. माझ्या अंगावर मात्र काटा आला. मला वाटलं, अरे, ही तर आमच्या धरणाची वही! त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचं नव्हतं. मुंबईत दोन वर्षांचा, पूर्ण वेळचा, फायनान्समधला मास्टर्सचा अभ्यासक्रम होता. तो केला की फायनान्शियल ॲनालिस्ट होता येतं असं सर म्हणाले. मी कोणाला न विचारता परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि मग घरी सांगितलं.

"ते काय असतं?" बाबांनी विचारलं.

"कंपनीचे मागचे आकडे बघायचे, आत्ताचे बघायचे आणि पुढं काय होईल ते सांगायचं."

"म्हंजे पट्टी वाचायची."

"हो."

"आन दरवाजा उघडायचा का नाय, ते कोन ठरवतो?"

"साहेब."

"मग हे तर माझंच काम झालं," बाबा म्हणाले आणि आईकडे बघून हसले. "त्यासाठी मुंबईला कशाला जायाला पायजे?"

पण महिपतमामा हसले नाहीत. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, मुरबाडकडच्या शाळेत मास्तर, आमच्या नात्यातला पहिला पगारदार माणूस. त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा असायचा आणि तो त्यांनी कमावलेला होता. मला बी.एड.ला घालायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं, ओळखीच्या कॉलेजात शब्दही टाकला होता.

"आपल्यातल्या चार घरांत आज पगार येतोय तो मास्तरकीमुळं, भावजी," ते म्हणाले. "फायनान्स ते बँकवाल्यांच्या पोरांचं. तिला तिथं कोन ओळखतो? मास्तरीण झाली तर संध्याकाळी घरी. मान हाय, सुट्ट्या हायेत. नायतर घरी बसून एम.कॉम. करू दे, ते बी चालंल."

मामांचं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी एक कोरी डायरी घेतली, पट्टीने तीन रकाने आखले. बी.एड., एम.कॉम., फायनान्स. आणि लग्नांच्या हंगामात घराबाहेर पडले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामा पुन्हा आले तेव्हा बाबांनी डायरी जमिनीवर उघडून ठेवली. बी.एड.च्या रकान्यात चौदा नावं. कोण दोन वर्षांत लागलेला, कोण पाच, कोण अजून ग्रँटच्या आशेवर. बाबांनी सनावार लावून दाखवलं: नव्वदच्या आधी शिकले ते पटकन लागले, नंतरचे उशिरा, आणि अगदी अलीकडचे लागलेलेच नाहीत.

"उतरती हाय, मास्तर," बाबा म्हणाले.

एम.कॉम.मध्ये सहा नावं होती. तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. शहापूर, मुरबाड, किन्हवली, सगळं पालथं घातलं तरी फायनान्स शिकलेला एकही माणूस बाबांना भेटला नव्हता.

"हितं तर शून्य हाय," मामा म्हणाले.

"शून्य नाय, मास्तर. रिकामं हाय. शून्य म्हंजे मोजलं आन काय मिळालं नाय. रिकामं म्हंजे कोनी मोजलंच नाय."

"मग काय ठरवलं तुमी?"

बाबांनी त्या कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मला वाटलं, आता ते माझ्या बाजूने काहीतरी मोठं बोलतील. पण ते म्हणाले, "मला सांगता येनार नाय. ज्या पट्टीपाशी मी बसलो नाय तिचा आकडा मी सांगनार नाय. पौर्णिमा, तूच सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आयुष्यात इतकी भीती पुन्हा कधी वाटली नाही. बी.एड. म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते आणि चुकलं असतं तर मामांना बोल लावता आला असता. मी फायनान्स म्हटलं, आणि आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं. मामा चहा न घेता गेले. फीचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही, त्या गोष्टी सगळ्यांच्या घरी सारख्याच असतात.

प्रवेशाचं पत्र अकरा जुलैला दुपारी आलं. बारा जुलैला अकराच्या आत पालकांसह हजर राहावं, नाहीतर जागा पुढच्याला. म्हणजे दुसऱ्याच दिवशी! पहिली एसटी साडेपाचची. तिने गेलो तरच पोचणार. आणि आठ वाजता पट्टी वाचायची होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांचा तो विसावा पावसाळा होता. वीस पावसाळे सलग, एकही वाचन न चुकता. एवढं आमच्या भागात कोणाचं नव्हतं. येत्या सव्वीस जानेवारीला मोठे साहेब त्यांना प्रमाणपत्र देणार असं ठरलं होतं. आईने त्यासाठी पांढरा सदरा शिवून घेतला होता. बाबा प्रमाणपत्राबद्दल बोलायचे नाहीत, पण सदरा दोनदा अंगाला लावून बघताना मी त्यांना पाहिलं होतं.

"पहाटे जाताना वाचा," मी म्हटलं. "आणि आठचं म्हणून लिहा. तीन तासांत काय फरक पडतो?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरीच करायला सांगितली. मग ते नामाकाकांकडे गेले. नामाकाका म्हणाले, "जावा भाऊ बिनघोर. आठाला मी पट्टीपाशी. शब्द हाय माझा."

गाडीत बाबांना खिडकी मिळाली, पण ते बाहेर बघत नव्हते. घड्याळ बघत होते. आठला दोन मिनिटं कमी असताना म्हणाले, "नामा आता पायऱ्या उतरत असंल." बरोबर आठ वाजता त्यांनी खिशातून ती डायरी काढली, थोडे खाली वाकले आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग काहीतरी लिहिलं. समोरच्या बायका बघायला लागल्या. मी लाजून म्हटलं, "बाबा, ठेवा ना ती डायरी." त्यांनी निमूट ठेवली.

कॉलेजात हमीपत्रावर त्यांनी पूर्ण नावाची सही केली. मग बाहेर कूलरपाशी पाणी प्यायले, पेला उजेडाला धरला आणि म्हणाले, "हे आपल्याकडचंच. भातसाचं." एवढ्या परक्या इमारतीत त्यांना ओळखीचं एक ते पाणीच भेटलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला कल्याणला वंदनामावशीकडे सोडलं. वर्ग लगेच सुरू होणार होते. ते परत गेले.

जानेवारीच्या शेवटी मी घरी गेले तेव्हा विचारलं, "प्रमाणपत्र कुठंय?"

"साहेबाची बदली झाली," बाबा म्हणाले. "ऱ्हायलं ते."

मी "अरेरे" म्हटलं आणि पुढे माझंच सुरू केलं. रेशो, व्हॅल्युएशन, कॅश फ्लो. नवे शब्द शिकलेली माणसं किती बोलतात! आई चुलीपाशी गप्प बसली होती. ती गप्प का आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

पांढरा सदरा बाबांनी माझ्या पदवीदान समारंभाला घातला. दोन हजार दोनमध्ये मला मुंबईत नोकरी लागली, ॲनालिस्टची. माझ्या शेजारच्या टेबलावरचा हर्षित मला चिडवायचा, कारण एखाद्या कंपनीचा एखाद्या वर्षाचा आकडा मिळाला नाही की मी तो चौकोन रिकामा ठेवायची. "अगं, मागचा-पुढचा बघून सरासरी टाक, कोण विचारतंय?" तो म्हणायचा. मी टाकत नसे. त्यावरून मी दोनदा बोलणी खाल्ली आणि एकदा शाबासकी मिळवली. मामा मात्र माझा पहिला पगार झाल्यावर स्वतः पेढे घेऊन आले आणि चहा दोनदा घेतला.

बाबा दोन हजार सहाला निवृत्त झाले आणि दोन हजार आठच्या पावसाळ्यात गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. महिन्याभराने आईच्या पेन्शनच्या कागदांसाठी मी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात गेले. कारकून नवी मुलगी होती, भावना नावाची. कागद बघून झाले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, जुन्या वह्या निकालात काढतोय. तुमच्या बाबांच्या हातच्या आहेत. बघायच्यात?"

कोपऱ्यात गठ्ठे बांधलेले होते. मी सहज दोन हजारची वही ओढली. जुलै उघडला. बाबांचं अक्षर, सगळे आकडे एका मापाचे. दहा तारीख, अकरा तारीख. बाराव्या ओळीत तारीख होती आणि पातळीचा रकाना कोरा होता. शेऱ्यात लिहिलं होतं: वाचन नाही. वाचक हजर नव्हता. आणि सही. तेराला पुन्हा आकडा, पुन्हा चढती.

मी वही घेऊन बाहेर आले. नामाकाका व्हरांड्यात बसले होते. अजून वर्षभर नोकरी होती त्यांची. मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली.

"लावणी चालू होती गो बाय," ते म्हणाले. "मानसं आली नवती. म्हटलं आवण, भाताची रोपं तेवढी राबातनं काढून देतो आन जातो. वाकलो तो वाकलोच. वर बघितलं तर दहा वाजून गेलेले. साऱ्या पावसाळ्यात आमच्यातल्या कोनी बी दुसऱ्याची चाकरी करायचा शब्द लावणीत तरी देऊ नये, आन मी नेमका तवाच दिला."

"मग बाबा काय म्हणाले?"

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, भाऊ, अकराचा आकडा हाय, उद्या तेराचा येईल, मधला लिव्हून टाका. साहेब बी तेच म्हनले. वीस वर्सं कशाला घालवतोस म्हनले. तुजा बाप काय बोलला सांगू? 'काल पोरीला शिकायला घातली, साहेब. आन आजच खोटा आकडा लिवू?' मेमो घेतला, पन लिवला नाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मला सगळ्यात जास्त हे लागलं की आठ वर्षांत बाबांनी मला ते कळू दिलं नाही, आणि मी रोज आकडे वाचणारी, मला आईच्या गप्प बसण्याचाही आकडा वाचता आला नव्हता.

भावना दारात आली. "मॅडम, ते पान हवं असेल तर घ्या फाडून. रद्दीतच जायचंय."

"नको," मी म्हटलं. "वही पुरी जाऊ दे." आणि बाबांसारखीच दोन्ही हातांनी मिटून ती गठ्ठ्यावर ठेवली.

घरी आईने वालाचं बिरडं केलं होतं. मी जेवताना तिला सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतंच. "त्यांनी शपथ घातलेली," ती एवढंच म्हणाली. मग हात धुऊन उठली आणि ट्रंक उघडली. पांढऱ्या सदऱ्याखाली ती डायरी होती. लग्नाच्या मांडवात मला लाज आणणारी. "हे तुजं. बघ, मला वाचता येत नाय."

मी ओळखीची पानं उलटली. बी.एड., चौदा नावं. एम.कॉम., सहा. तिसरा रकाना आता कोरा नव्हता. त्यात एकच नोंद होती, गाडीच्या हादऱ्यांनी अक्षर वाकडंतिकडं झालेलं.

१२ जुलै २०००. सकाळी ८ वाजता. पौर्णिमा. चढती.

खाली, वाचक म्हणून, पूर्ण नावाची सही होती.